माझ्या कार्डावरच्या मेंढ्या

माणसाने सभेत उभं राहू नये. बसावं, चहा आला की घ्यावा, ठरावाला हात वर करावा आणि गुपचूप घरी यावं. वाचनालयाच्या सभांना मी कित्येक वर्षं असाच जात होतो आणि माझं उत्तम चाललं होतं. एकदाच उभा राहिलो आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

विषय तसा साधा होता. वाचनालयाला रंग द्यायचा होता. अध्यक्ष म्हणाले, रंगाबरोबर सफाईही होऊन जाऊ दे, माडीवरच्या वर्गातला तो जुना फळा भंगारात द्या. चिटणीसांनी दबक्या आवाजात सांगितलं की तो फळा नाही, चित्र आहे. अध्यक्षांनी विचारलं, कशाचं? चित्र इतकं काळं झालं होतं की त्याच्यावर खडूने लिहिता आलं असतं. बहुतेक कोणीतरी लिहिलंही असेल.

तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मेंढ्यांचं."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. एवढ्या लोकांनी एकाच वेळी माझ्याकडे बघायची मला सवय नाही. आयुष्यभर मी एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली, आणि लिफ्टमध्ये माणसं दाराकडे बघतात, लिफ्टवाल्याकडे नाही. त्या गडबडीत माझ्या तोंडून निघून गेलं की चित्र भंगारात देऊ नका, ते मी साफ करून देतो.

हे चित्र माझ्या एवढं जिव्हाळ्याचं का, ते सांगायला हवं. लिफ्टला आकडे पुरतात, अक्षरं लागत नाहीत, म्हणून मी अक्षरं शिकलो ती निवृत्त झाल्यावर, ह्याच माडीवरच्या प्रौढ वर्गात. वर्गात सगळ्यांत वयस्कर मीच, म्हणून माझं नाव आजोबा पडलं. अक्षराला अक्षर जोडता येऊ लागलं तेव्हा बाईंनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं आणि सांगितलं, ह्यात काय दिसतं त्यावर एक वाक्य लिहा. चित्र तेव्हाही काळसरच होतं. संध्याकाळ आहे म्हणून काळं, अशी आमची समजूत. डाव्या बाजूला एक काळं घर, त्या घराकडे निघालेला मेंढ्यांचा कळप, बरोबर काठीवाला धनगर, आणि उजव्या कोपऱ्यात सर्वांच्या मागे राहिलेली एक काळी मेंढी. मी बराच वेळ घाम गाळून लिहिलं, "मेंढ्या घरी चालल्या." बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली. आपल्या हाताने लिहिलेलं आणि दुसऱ्या माणसाने वाचून पटलेलं असं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य.

मागे राहिलेली काळी मेंढी म्हणजे आजोबा, असं वर्गाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, बरं वाटलं. मागे असली तरी ती कळपात होती.

अध्यक्षांनी परवानगी दिली, पण अटीवर. नव्या रंगाच्या इमारतीचं उद्घाटन बाईंच्या हस्ते व्हायचं होतं. बाई आता थकल्या होत्या, दुसरीकडे मुलाकडे राहत होत्या, पण येते म्हणाल्या होत्या. तोवर चित्र साफ झालं तर भिंतीवर, नाही तर भंगारात. आणि बिघडलं तर आजोबा जबाबदार. सगळ्यांनी हात वर केले. सवयीने मीही केला.

आता चित्र घरी न्यायचं. ग्रंथपाल म्हणाले, नेता येणार नाही. आमचे ग्रंथपाल नियमाने चालणारे आहेत. स्वतःला शिंक आली तरी आधी 'शांतता राखा' ह्या पाटीकडे बघतात. त्यांचं म्हणणं असं की नियमानुसार वाचनालयाबाहेर फक्त पुस्तक जातं. खुर्ची जात नाही, पंखा जात नाही, चित्र जात नाही. मी म्हणालो, सभेचा ठराव आहे. ते म्हणाले, ठराव साफ करण्याचा आहे, बाहेर नेण्याचा नाही. शेवटी त्यांनीच वाट काढली. चित्राची नोंद त्यांनी पुस्तक म्हणून केली आणि ते माझ्या कार्डावर दिलं. लेखक: अज्ञात. विषय: पशुपालन. पानं: एक. मग इतर पुस्तकांना देतात तशी सूचनाही दिली की पान दुमडू नये, मजकुरावर खुणा करू नयेत, मुदतीत परत करावं.

मी कार्ड खिशात जपून ठेवलं. लोकांना पेन्शनच्या कागदाची काळजी असते, मला त्या कार्डाची. त्यावर माझी सही आहे, आणि ती अंगठ्याची नाही.

पुस्तक बगलेत मारून नेता येतं. हे पुस्तक उचलायला चौघं लागले. रस्त्याने जाताना प्रत्येकाने काही ना काही सुचवलं. कोणी म्हणालं आडवं धरा, कोणी म्हणालं उभं धरा, आणि एका सद्गृहस्थाने, दार विकायचं आहे का, असं विचारलं. इमारतीपाशी आलो आणि लक्षात आलं की चित्र लिफ्टमध्ये मावत नाही. तिरकं केलं, उलटं केलं, मावेना. ज्या माणसाने उभा जन्म लोकांना "पुढच्या फेरीत या" म्हणून सांगितलं, त्याला लिफ्टने दार लावून घेऊन तेच सांगितलं. चारचौघांत हा अपमान मी गिळला आणि जिन्याकडे वळलो.

जिन्याच्या वळणावर चित्र अडकलं. एक कोपरा कठड्यात, दुसरा भिंतीत, आणि ते ना वर जाईना ना खाली येईना. वरून आमच्या मजल्यावरचे दंतवैद्य दवाखान्यात निघाले होते, ते पलीकडे अडकले. खालून तळमजल्यावरच्या वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाल्या होत्या, त्या बादलीसह अलीकडे अडकल्या. दंतवैद्यांनी चष्मा सारखा करून विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, मेंढ्या. कुठे? आत, मी म्हणालो. त्यांनी रोग्याच्या तोंडात बघावं तसं चित्रात वाकून बघितलं, आणि कीड फार खोल गेली आहे, असा निकाल दिला. वहिनींनी बादली खाली ठेवली, कठड्याची बाजू थोडी उचला, भिंतीची दाबा, असं सांगितलं, आणि चित्र सुटलं. ते असं सुटलं की आम्ही सगळे त्याच्यामागे थेट आमच्या दारापर्यंत गेलो. वहिनींचे कपडे वाळायचे राहिले, दंतवैद्यांचे रोगी थांबून राहिले, पण चित्र आत कुठे ठेवतात ते बघितल्याशिवाय दोघंही हलले नाहीत.

ठेवायला जागा एकच होती, कपाटापुढे. म्हणजे आता कपाट उघडत नव्हतं. आमच्या हिने कमरेवर हात ठेवून चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वाचायला पुस्तक आणता ते आणता," ती म्हणाली, "आता ह्या अंगावरच्या लुगड्यावर मी किती दिवस काढायचे, तेही त्यात वाचून सांगा."

आमच्या हिचं आणि अक्षरांचं वाकडं. मी वर्गात जाऊ लागलो तेव्हा तिलाही चल म्हणालो होतो. तेव्हा तिने सांगितलं होतं की एका घरात एक शिकलेला पुरे, दोघं शिकले तर स्वयंपाक कोण करणार. नंतर मी कधीमधी विषय काढला तर म्हणायची, ह्या वयात आता मागून जाऊन काय मिळणार. मी विषय सोडून दिला. संसारात काही दारं ढकलायची नसतात.

साफसफाईला सुरुवात झाली ती वहिनींच्या सल्ल्याने. अर्धा चिरलेला बटाटा घासा, म्हणाल्या. मी एका कोपऱ्यात घासला. मळ निघाला नाही, पण चित्राला बटाट्याचा वास लागला आणि कुठून कुठून माशा आल्या. मग त्याच म्हणाल्या, कांदा. कांद्याने आम्हा दोघांच्या डोळ्यांतून इतकं पाणी आलं की खालून येऊन लोकांनी, कोण गेलं, असं विचारलं. कोणी पावाचा गर सांगितला, कोणी दंतमंजन. दंतमंजन घासू नका, ते दातांसाठीही फारसं बरं नसतं, असं दंतवैद्य म्हणाले. शेवटी मी ठरवलं की जाणत्यांना विचारावं, आणि शहरातल्या मोठ्या संग्रहालयात गेलो.

तिथल्या पहिल्या खिडकीवर विचारलं, चित्र विकायचं आहे की दान करायचं आहे? मी म्हणालो, धुवायचं आहे. त्यांनी मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. दुसऱ्या खिडकीने सांगितलं की आधी चित्र आणा, तज्ज्ञ बघतील, मग अर्ज करा. मी म्हणालो, चित्र जिन्यातून उतरणार नाही. मग अर्ज करून सांगा की उतरत नाही. तिसरी खिडकी बंद होती, पण तिच्यापुढे सर्वांत मोठी रांग होती. मी रांगेतून बाजूला झालो आणि एका उघड्या दारातून चुकून भलत्याच खोलीत शिरलो.

तिथे अंगावर एप्रन, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा घातलेली एक बाई एका जुन्या तसबिरीपुढे बसली होती. तिच्या हातात कापूस गुंडाळलेली काडी होती. तसबिरीत एक भारदस्त गृहस्थ होते आणि त्यांची अर्धी मिशी उजळली होती. सकाळपासून अर्धी मिशी. मी तिथेच उभा राहिलो. एवढ्या हळू केलेलं एवढं सुंदर काम मी पूर्वी बघितलं नव्हतं. मला हुसकून द्यायचं तिच्याही लक्षात आलं नाही. मी सगळं सांगितलं, बटाट्यासकट. कांद्यापाशी तिने डोळे मिटले.

मग म्हणाली, "आजोबा, इथे आणता येत नसेल तर हात लावू नका, असं मी सांगायला हवं. पण तुम्ही लावणारच, हे दिसतंय. म्हणून ऐका. कापूस आणि थुंकी. दुसरं काही नाही. हलक्या हाताने. कापसावर काळं आलं तर मळ, रंग आला तर थांबायचं."

मला वाटलं चेष्टा करते. तेवढ्यात तिने काडी स्वतःच्या जिभेवर टेकवली आणि गृहस्थांच्या मिशीवरून फिरवली.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा ही म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं मी फरशी उगाच पाण्याने पुसली. पण मी कापूस ओला केला, चित्राच्या वरच्या बाजूला टेकवला आणि दोनचारदा गोल फिरवला. कापूस काळा झाला. आणि त्याच्याखालून नखाएवढं आभाळ बाहेर आलं.

नखाएवढंच. पण मी तुम्हाला काय सांगू. ते निळं नव्हतं, पिवळं नव्हतं, गुलाबीही म्हणता येत नव्हतं, पण ते आभाळच होतं, ह्यात शंका नव्हती. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. गॅसवर दूध उतू गेलं तरी दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि ही आमच्या घरातली ऐतिहासिक गोष्ट आहे.

पुढे तोंडाला कोरड पडू लागली. थुंकी ही वस्तू हवी तेव्हा येत नाही हे मला त्या वयात कळलं. दंतवैद्य म्हणाले, समोर लिंबू चिरून ठेवा. आम्ही ठेवलं. तरी पुरेना, म्हणून ही बसली. तिला बघून वहिनी बसल्या. दवाखान्याच्या सुट्टीच्या वेळात दंतवैद्य कापसाचा पुडा घेऊन येऊ लागले, आणि दुसऱ्यांच्या तोंडात आयुष्य गेल्यावर आपल्या तोंडाचा असा उपयोग होतो आहे ह्याचा त्यांना फार आनंद होता. प्रत्येकाने आपला भाग वाटून घेतला होता. दंतवैद्यांनी झाड घेतलं, वहिनींनी नदी. तिथे नदी आहे हे आधी कोणाला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या कापसाखालून ती वळत वळत निघाली आणि वहिनी बोलायच्याच बंद झाल्या. मी मेंढ्या घेतल्या. एकेका मेंढीला माझा अख्खा दिवस जायचा. लोकर अशी काढली होती की हात फिरवायचा मोह व्हावा. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर उजेडाची एक बारीक कड होती. एकीच्या कानाच्या आत, जिथे कोणी बघणार नाही अशा जागी, त्या माणसाने पुसट गुलाबी रंग भरला होता. कोण होता तो? कुठेही सही सापडली नाही. मला माझी सही यायला एवढी वर्षं लागली आणि मी ती दिसेल त्या कागदावर करतो. ह्याने असा कान काढला आणि नाव न लिहिता निघून गेला.

अशा एका दुपारी अध्यक्ष प्रगती बघायला आले. दार उघडंच होतं. आत आम्ही चौघं चित्राला चिकटून बसलेले, मध्ये चिरलेलं लिंबू, आणि प्रत्येकाच्या तोंडात काडी. मी नेमका काडी तोंडातून काढून चित्राकडे झुकत होतो. अध्यक्ष दारातच थांबले. कोणी काही बोललं नाही. तोंडात काडी असताना बोलता येत नाही. "मी नंतर येतो," असं म्हणून ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी तातडीच्या सभेची सूचना लागली. विषय: संस्थेच्या मालमत्तेवर थुंकणे. मी पुन्हा उभा राहिलो. एकदा सवय लागली की सुटत नाही. मी सांगितलं की संग्रहालयात असंच करतात. अध्यक्ष म्हणाले, मग संग्रहालयाने थुंकावं, आपण सुसंस्कृत माणसं आहोत. भवति न भवति झाली. शेवटी ठरलं की बाई येतील, चित्र बघतील. त्यांना आपलं चित्र ओळखू आलं आणि पसंत पडलं तर ठीक. नाही तर चित्र भंगारात, आणि आजोबांचं कार्ड रद्द.

मी मान ताठ ठेवून घरी आलो. चित्र आता इतकं सुंदर दिसत होतं की मला काळजी नव्हती. राहिले होते फक्त दोन्ही कोपरे. मी उजव्या कोपऱ्यात, काळ्या मेंढीपाशी बसलो.

कापूस काळा झाला. आता मेंढीच काळी, तर कापूस काळाच होणार. हा मळ की रंग? संग्रहालयातल्या बाईने ह्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, जरा हलक्या हाताने. आणखी जरा. मेंढीचं शेपूट गेलं. मी घाबरून थांबलो. मग वाटलं, बिनशेपटाची मेंढी बाईंच्या लगेच नजरेत येईल, शेपटाच्या जागी काहीतरी दिसायला हवं, म्हणून अजून थोडं पुसलं. पाठ गेली. ह्यापुढचं मी सांगत नाही. थोड्या वेळाने काळी मेंढी सगळी माझ्या हातातल्या कापसावर होती आणि चित्रात नव्हती.

मी खुर्चीवर बसलो. सगळ्या कळपातून मी नेमकं स्वतःलाच पुसून टाकलं होतं.

"अहो, नीट बघा तरी," ही म्हणाली. ती वाकून कोपऱ्याकडे बघत होती. मेंढी होती तिथे आता कुडाचं एक दार दिसत होतं. उघडं. दाराच्या आत अर्धा अंधार, आणि त्या अंधारातून आणखी मेंढ्या बाहेर येत होत्या. एकीचं तोंड बाहेर, एकीचे नुसते कान, आणि मागे उजेडाचे ठिपके, म्हणजे आणखी किती असतील देव जाणे.

मी म्हणालो, मेंढ्या घरी चालल्या असतील तर मागे दार कशाला? घर तर पुढे आहे. आम्ही डाव्या कोपऱ्यातल्या काळ्या घराला कापूस लावला. घरही कापसावर आलं. भिंत आली, छप्पर आलं, आणि खाली निघालं नुसतं गवत, ओलं, लांबपर्यंत पसरलेलं. घर तिथे कधी नव्हतंच.

मी हादरलो होतो. मेंढी गेली, घर गेलं. आता बाईंना दाखवायचं काय?

ही मागे सरकली आणि पहिल्यांदाच लांबून सगळं चित्र एकदम बघू लागली. खूप वेळ बघत होती. मग म्हणाली, "संध्याकाळ नाही हो ही. सकाळ आहे. पोटं बघा त्यांची. जेवून परतणारं असं चालत नाही. जेवल्यावर तुम्ही कसे चालता ते मी रोज बघते."

मी बघितलं. खरंच सकाळ होती. उजेड मावळत नव्हता, चढत होता. इतकी वर्षं ती सकाळ तिथे भिंतीवर होती आणि आम्ही तिच्याखाली बसून संध्याकाळ लिहीत होतो. मला एकदम भरून आलं, आणि त्याच क्षणी लक्षात आलं की माझं पहिलं वाक्य चुकलं होतं, बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली होती, आणि हे आता भर उद्घाटनात दिसणार होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच चित्र जिन्यातून उतरवलं. ह्या वेळी वहिनींनी वळणावर आधीच ठाण मांडलं होतं. ग्रंथपालांनी पुस्तक परत घ्यायला चष्मा लावला, चित्राकडे बघितलं, नोंदीकडे बघितलं, आणि शिक्का खाली ठेवला. म्हणाले, घेता येणार नाही. पुस्तकातला मजकूर बदलला आहे. दिलं तेव्हा एक घर होतं, एक काळी मेंढी होती. "आणि दिलं तेव्हा संध्याकाळ होती," ते म्हणाले. हे सगळं खरं होतं. शिक्का न मारताच चित्र माडीवर टांगलं गेलं, म्हणजे कायद्याने ते अजून माझ्या कार्डावरच होतं.

बाई आल्या. काठी टेकत, एकेक पायरी चढत. लोकांनी वाट करून दिली. ही आणि वहिनी अगदी मागे भिंतीशी उभ्या होत्या. अध्यक्षांनी छोटंसं भाषण केलं, त्यात थुंकीचा उल्लेख 'काही आक्षेपार्ह पद्धती' असा आला, आणि मग त्यांनी बाईंना विचारलं, हे आपलंच चित्र आहे का?

बाई चित्रापुढे गेल्या आणि उभ्या राहिल्या. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. नदीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. त्या कानापाशी थांबल्या हे मी बघितलं. मला माझ्या खिशातलं कार्ड जाणवत होतं.

मग त्या डाव्या कोपऱ्याकडे वळल्या, जिथे घर होतं. "इथे माझा कंदील टांगलेला असायचा," त्या म्हणाल्या. "वीज जायची तेव्हा. ते घर माझ्या कंदिलाच्या काजळीचं होतं तर."

कोणीतरी हसलं. मी नाही. मी पुढे होऊन सांगून टाकलं की बाई, काळी मेंढीही गेली, ती माझ्या हातून गेली. बाईंनी उजव्या कोपऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याखाली. तिथे अजून शेवटचा बाक होता.

"ह्या बाकावर कोण बसायचं, आजोबा?"

मी म्हणालो, मी. मीच बसायचो. त्या म्हणाल्या, तुमच्या आधीही असेच लोक बसायचे, उशिरा आलेले, दिवसभर दमलेले. बसले की डोकं मागे टेकायचं. तेल लावलेली डोकी. ती मेंढी तुम्ही सगळ्यांनी मिळून केली होती. म्हणजे वर्गाने मला काळी मेंढी म्हटलं ते अगदीच चुकीचं नव्हतं. ती माझ्या डोक्यातूनच निघाली होती.

सभा हसली, अध्यक्षसुद्धा हसले. पण मला विचारायचं होतं ते राहिलं होतं. मी म्हणालो, बाई, माझं वाक्य चुकलं. मेंढ्या घरी चालल्या नव्हत्या.

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा वर्गात असायचा तसाच होता. "तुमचं एकट्याचं नाही," त्या म्हणाल्या. "मी किती जणांना इथून घरी पाठवलं. आणि मेंढ्या तर बाहेर निघाल्या होत्या." त्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं, त्या अंधारातून येणाऱ्या तोंडांकडे. "अजून किती बाहेर यायच्या आहेत बघा."

तेव्हा मागून, भिंतीपासून, एक आवाज आला. आवाज ओळखीचा होता, पण इतका बारीक मी तो कधी ऐकला नव्हता.

"बाई, वर्ग किती वाजता असतो?"

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. आमच्या हिलाही एवढ्या लोकांनी एकाच वेळी बघायची सवय नाही. तिने पदर सारखा केला, पण मान खाली घातली नाही.

ग्रंथपालांनी त्याच दिवशी शिक्का मारला. अध्यक्षांनी सांगितलं, मारा. पण नोंद त्यांनी बदलली नाही. तुम्ही आमच्या वाचनालयात गेलात आणि पशुपालनावरचं पुस्तक मागितलंत तर ते अजूनही तुम्हाला जिन्याकडे बोट दाखवतात.

वर्ग नव्या बाई घेतात. ही शेवटच्या बाकावर बसते. चित्र आता जरा वर टांगलं आहे, डोकं पोचत नाही. मी तिला पोचवायला जातो आणि खाली मासिकं चाळत थांबतो. घरी भाजीला मीठ मी घालतो, आणि ते कसं पडतं त्यावर इथे काही लिहीत नाही. अक्षरं जुळू लागली तेव्हा नव्या बाईंनीही तेच सांगितलं की चित्रात दिसतं त्यावर एक वाक्य लिहा. ही जिना उतरून आली आणि पाटी माझ्यापुढे धरली. अक्षरं मोठी, जरा तिरकी, पण एकही खाडाखोड नव्हती.

"दार उघडं आहे."

खाली बरोबरची खूण होती. मी ते दोनदा वाचलं. चूक काढायला जागा नव्हती, आणि मी शोधली, हे कबूल करतो.

घरी निघालो तेव्हा ती पाटी छातीशी धरून भराभर पुढे चालली होती. वर्गातून सुटलेलं माणूस जेवणाआधी कसं चालतं, ते मी मागून बघत होतो. मी नेहमीसारखा शेवटी. आणि कोपऱ्यावर वळताना, कोणी येत आहे का, म्हणून मीही एकदा मागे वळून बघितलं.